शिसम, तून आणि कडू भोपळा

मुलांनो, हा लेख वाचायला लागण्याआधी दप्तरातून दोन वस्तू काढा. एक कंपासपेटी आणि एक रबरबँड. (वहीला लावलेला रबरबँड चालेल, पण काम झालं की परत लावा.) आधी रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा. ऐकू आलं? जेमतेम. आता कंपासपेटीचं झाकण उघडा, तोच रबरबँड पेटीवर आडवा चढवा आणि पुन्हा छेडा. आता पलीकडे बसलेल्या ताईलाही ऐकू गेलं असेल.

रबरबँड तोच, बोट तेच. मग आवाज वाढवला कोणी? पेटीने. पेटी पत्र्याची असेल तर आवाज एक येईल, प्लास्टिकची असेल तर दुसरा. आणि लाकडाची असती तर? ते लाकूड सागाचं असतं, आंब्याचं असतं, शिसमाचं असतं तर?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. गेल्या हिवाळ्यात एका वडिलांनी माझ्या टेबलासमोर उभं राहून तो मला विचारला.

मी अमरावतीला प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला तिच्या अकोल्याच्या मामाने आपली जुनी गिटार देऊन टाकली होती. तिच्या बोटांत सूर आहे. गॅदरिंगला तिने एक गाणं वाजवायचं ठरलं होतं आणि मधल्या सुट्टीत तिची रोज तालीम चालायची. एक दिवस ती रिकाम्या हाताने आली. दुसऱ्या दिवशीही तसंच. शेवटी मी विचारलं, "काऊन वं, गिटार कुठे आहे?"

"मॅडम, माही गिटार खोटी हाये," ती खाली मान घालून म्हणाली. "प्लायवूडची हाये ते. शिसमची असते, ते खरी."

तारा बदलायला ती कुठल्याशा दुकानात गेली होती, तिथे कोणीतरी सहज बोलून गेलं होतं. मोठी माणसं बोलून जातात आणि विसरतात. मुलं विसरत नाहीत.

चार दिवसांनी तिचे वडील आले. ते मिस्तरीकाम करतात. म्हणाले, "मॅडम, भिशी उचलतो म्हनलं. पन मले एक सांगा, शिसमाचीच घेतली पाह्यजे का?"

मी काही गिटारवादक नाही. थोडंफार शास्त्रीय गाणं शिकले आहे, घरी एक तानपुरा आहे, एवढंच. पण भिशीचा पैसा म्हणजे घरच्या पावसाळ्याची सोय. "हो" किंवा "नाही" असं तोंडातून सहज टाकून देणं मला बरं वाटेना. मी म्हटलं, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत जे वाचलं, आठवलं, विचारलं, ते आता तुम्हाला सांगते.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. उन्हाळ्यात वीज गेली तर तुम्ही काडीने वारा घ्याल का? काडी कितीही जोरात हलवा, हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. पण आजीचं सूप हातात घ्या, कसा छान वारा येतो! वाद्याची तार म्हणजे काडी. ती हवेला नुसती चिरत जाते. म्हणून तार एका घोडीवर टेकवतात आणि घोडी एका पातळ फळीवर बसवतात. तार कापली की घोडी कापते, घोडी कापली की फळी कापते, आणि फळी हवेला ढकलते. सतार-तानपुऱ्यात या फळीला तबली म्हणतात. गिटारीत ती पुढची, भोक असलेली फळी. ही फळी म्हणजे वाद्याचं सूप.

आता सूप कसं हवं? दगडी पाट्याने वारा घेता येईल का? नाही, तो हलणारच नाही. ओल्या फडक्याने? तेही नाही, ते लोंबतं. सूप हलकं हवं आणि ताठही हवं. चांगल्या तबलीचेही हेच दोन गुण. वजनाला हलकी, पण वाकायला कठीण. लोखंड ताठ आहे पण जड आहे. थर्माकोल हलका आहे पण लेचापेचा आहे. हलकं आणि ताठ हे दोन्ही गुण एकत्र शोधत गेलं की माणूस लाकडापाशी येऊन थांबतो.

त्यातही लाकूड लाकडात फरक असतोच, हे आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तिफण, वखर बाभळीचे करतात, कारण बाभूळ मार खाते पण फुटत नाही. बॅट विलोची करतात, बाभळीची नाही. बाभळीची बॅट उचलायलाच दोन माणसं लागतील! तसंच वाद्याचं आहे. एक तिसरा गुण मात्र फक्त वाद्यालाच लागतो, तो म्हणजे वाजत राहणं. फळीचा तुकडा दोन बोटांत लोंबता धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने ठोका. काही लाकडं 'थप' म्हणून गप्प होतात. काही 'टण्' करून क्षणभर गुणगुणत राहतात. पहिल्या लाकडाने आवाज आतल्या आत खाऊन टाकला, दुसऱ्याने तो परत दिला. घरी सुतारकाम निघालं तर सुतारकाकांना विचारून चार तुकडे असे ठोकून बघा. डोळे मिटून सागाचा तुकडा ओळखता आला तर मला पत्र लिहा.

आता मी माझ्या तानपुऱ्याकडे वळते, कारण हा सगळा धडा मला आधी त्यानेच शिकवला होता, माझ्याच लक्षात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी त्याची जवारी काढून घ्यायला मिरजेला गेले होते. बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची, अकोला, भुसावळ, मनमाड करत पुणे, आणि पुढे मिरज. तानपुरा खिडकीकडच्या जागेवर आणि मी त्याच्या पायाशी, असा तो प्रवास. मिरज सांगली जिल्ह्यात आहे आणि सतार-तानपुऱ्यांसाठी जगभर माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा त्या हातांनी पटाशी धरली. आज त्यांच्या वंशजांना लोक सितारमेकर म्हणूनच ओळखतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नागपूरची संत्री, तशी मिरजेची सतार.

तिथल्या एका कारखान्यात मी दिवसभर बसले होते. कारखाना म्हणजे काय, घराच्या पुढच्या दोन खोल्या. जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतीला टांगलेले भोपळे, आणि लाखेच्या पॉलिशचा वास. तानपुऱ्याचा मागचा गोल भाग हा खराखुरा भोपळा असतो, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हा खायचा नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतात तो मुद्दाम लावतात, वेलीवर पूर्ण पिकू देतात आणि महिनोन् महिने वाळवतात. मग कापून, पाण्यात भिजवून, आतला गर खरवडून त्याला हवा तो आकार देतात. त्याच्या तोंडावर जी तबली बसते ती तूनच्या लाकडाची, आणि लांब दांडीही तूनचीच.

तून हे नाव आपल्याकडे फारसं कानावर येत नाही. पण त्याचं गोत तुमच्या ओळखीचं आहे. आपल्या अंगणातला कडुनिंब आणि तून एकाच कुळातले. परदेशात गिटारीसाठी वापरतात ते महोगनीही त्याच कुळातलं. म्हणजे मिरजेची तबली, परदेशी गिटारीची पाठ आणि आपला गुढीपाडव्याचा कडुनिंब ही सगळी एकमेकांची चुलत-मावस भावंडं! तूनचं लाकूड लालसर, सरळ धाग्याचं आणि हलकं असतं. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या साधारण निम्मं वजन धरा.

कारागीर तबली घासायचे, ठोकायचे, कान लावायचे, पुन्हा घासायचे. किती जाड ठेवायची याचं माप त्यांच्याकडे लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर त्यांनी नुसतं कानाकडे बोट दाखवलं. दोन झाडांची तून सारखी नसते. अरे, एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात. मग माप एक कसं असेल?

आणि माझा तानपुरा ज्यासाठी नेला होता ती जवारी तर लाकूडसुद्धा नव्हे. घोडीची वरची बाजू रुंद असते, तिला अगदी सूक्ष्म उतार देतात. तार त्या उतारावर पुनःपुन्हा टेकते आणि सुटते, म्हणून तो 'झंऽऽ' असा भरलेला आवाज येतो. त्याच्यासाठी तारेखाली एक साधा दोरा सरकवून योग्य जागा शोधतात. हे कोडं सर सी. व्ही. रामन यांना फार आवडलं होतं. नोबेल पारितोषिकवाले तेच रामन. (सरकारी नोकरीत असताना ते काही काळ आपल्या नागपूरलाही होते.) तार ठरावीक जागी छेडली तर काही स्वर निघायलाच नकोत असा नियम असताना, तानपुऱ्यातून आणि वीणेतून ते कसे निघतात, यावर त्यांनी १९२१ मध्ये निबंध लिहिला होता. माझ्या तानपुऱ्याचं लाकूड बदललं नाही, भोपळा बदलला नाही. कानशीचे काही हलके हात फिरले आणि दोन वर्षं बसलेला आवाज उठून उभा राहिला.

आता गिटारीकडे परत या. गिटारीची पुढची फळी बहुधा स्प्रूस नावाच्या झाडाची असते. हे थंड मुलखातलं सूचिपर्णी झाड. थंडीत ते सावकाश वाढतं, म्हणून त्याच्या वर्षावर्षाच्या रेघा जवळजवळ आणि सरळ असतात. चांगल्या फळीवर त्या वहीच्या रेघांसारख्या दिसतात. लाकडातून रेघांच्या दिशेने आवाज सेकंदाला सुमारे ५००० मीटर धावतो. हवेत तो ३४० मीटरच्या आसपास धावतो, हे तुमच्या दादाच्या विज्ञानाच्या पुस्तकात असेल. फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड. आणि तिच्यावर सहा पोलादी तारांचा ताण किती? सगळा मिळून ७० किलोच्या आसपास! चौथीतली दोन-तीन मुलं एका पातळ फळीला लोंबकळली आहेत असं समजा. तरी ती मोडत नाही, कारण आतून तिला लाकडी पट्ट्यांचे आधार दिलेले असतात. काही गिटारींत स्प्रूसऐवजी सेडार वापरतात. ते आणखी हलकं आणि मऊ. त्याचा आवाज जरा उबदार लागतो असं वादक म्हणतात.

म्हणजे पुढच्या फळीचं लाकूड महत्त्वाचं, यात शंका नाही. पण मग शिसम कुठे आलं? शिसम असतं पाठीला आणि बाजूंना. ते स्प्रूसच्या जवळजवळ दुप्पट जड, आणि ठोकलं तर घंटेसारखं वाजतं. जुने कारागीर म्हणत, पाठ शिसमाची असेल तर आवाजाला खोली येते, महोगनीची असेल तर आवाज कोरडा आणि मोकळा येतो. वर्षानुवर्षं सगळ्यांनी ते मानलं.

स्पेनमध्ये आन्तोनियो दे तोरेस नावाचा एक कारागीर होता. आजच्या गिटारीचा आकार बराचसा त्याच्यामुळे ठरला. त्याला वाटायचं की खरा खेळ पुढच्या फळीचा आहे. नुसतं वाटून उपयोग काय? त्याने १८६२ मध्ये एक गिटार केली. पुढची फळी नेहमीसारखी उत्तम लाकडाची, आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. ही हकीकत वाचताना मला एकदम मिरजेच्या भिंतीवरचे भोपळे दिसले. तोरेसने पुठ्ठा लावून जे दाखवलं, ते आपल्याकडे भोपळा लावून कधीचं चाललं आहे!

अमेरिकेतल्या बॉब टेलर यांनी तर १९९५ मध्ये, माल ठेवायच्या टाकाऊ लाकडी पॅलेटमधून गिटार करून दाखवली. पण मला सगळ्यात आवडला तो इंग्लंडमधला प्रयोग, कारण तो आपण वर्गात करतो तसा आहे. तिथल्या एका कारागिराने सहा गिटारी केल्या. माप तेच, पुढची फळी एकाच जातीच्या लाकडाची, तारा त्याच. फक्त पाठ आणि बाजू सहा निरनिराळ्या लाकडांच्या. त्यात ब्राझीलचं दुर्मीळ शिसम होतं, आपलं भारतीय शिसम होतं, महोगनी, मेपल, अक्रोडही होतं. मग ५२ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या. लाकूड दिसू नये म्हणून! आणि विचारलं, कोणती चांगली? २०१८ मध्ये त्याचा निकाल छापून आला. वादकांनी सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण दिले होते. महाग लाकूड कानाला महाग लागलं नाही.

आपण काय करतो, आधी डोळ्यांनी ऐकतो.

याची किंमत झाडांनी मोजली आहे. ब्राझीलचं शिसम इतकं तोडलं गेलं की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने ते मिळेनासं झालं म्हणून भारतीय शिसम घ्यायला सुरुवात केली होती. मग जगभरच्या गिटारींना आपलं शिसम लागू लागलं. हे झाड दक्षिणेत जास्त, पण आपल्या सातपुड्याच्या जंगलांतही सागाच्या गर्दीत तुरळक भेटतं. (फर्निचरच्या दुकानात 'शीशम' म्हणून मिळतं ते बहुतेकदा उत्तरेकडचं शिसू, याचं भावंड.) ते फार सावकाश वाढतं. निसर्गसंवर्धन करणाऱ्या जागतिक संघटनेच्या यादीत ते आता 'असुरक्षित' म्हणून नोंदलेलं आहे. २०१७ पासून शिसमाच्या सगळ्या भाऊबंदांच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याचे नियम लागू झाले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली.

आता मुद्द्याचं प्लायवूड. इथे मला त्या मुलीशी खोटं बोलायचं नव्हतं, आणि तुमच्याशीही नाही. प्लायवूड म्हणजे पातळ थर उभे-आडवे चिकटवून केलेली फळी. चिरोट्याचे पदर असतात ना, तशी. पाठ प्लायवूडची असेल तर फारसं बिघडत नाही. पण पुढची फळी प्लायवूडची असेल तर ती अखंड लाकडाइतकी मोकळी हलत नाही. आवाज थोडा लहान, थोडा दबलेला येतो. ओळखायचं कसं? गिटारीच्या भोकाची कड निरखून पाहा. वरच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरल्या असतील तर लाकूड अखंड. पदर दिसले तर प्लायवूड. तिच्या गिटारीला पदर होते.

पण प्लायवूडचाही एक गुण आहे, आणि तो आपल्या गावी फार उपयोगाचा. अकोल्याचा मे महिना आठवा. पारा ४५ अंशांच्या वर, हवा कडकडीत कोरडी. अखंड लाकडाची फळी अशा वेळी आकसते आणि तडकू शकते. मग जून-जुलैत दमट हवा आली की फुगते. प्लायवूडचे उभे-आडवे थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते कमी तडकतं. पालकांनी एवढं पाहावं की कोणतंही लाकडी वाद्य टिनाच्या खोलीत ठेवू नये, आणि कूलरच्या समोर तर मुळीच नाही. कूलरची ओली हवा आणि दुपारचा कोरडा झोत आळीपाळीने खाऊन चांगला तानपुरासुद्धा वाकतो.

आठव्या दिवशी ते वडील आले. मी सांगितलं, भिशी उचलू नका. पुढे कधी दुसरी घ्याल तेव्हा पुढची फळी अखंड आहे का ते बघा, पाठीच्या शिसमासाठी जास्त पैसे देऊ नका. आणि आत्ता ही गिटार माझ्यासोबत पाठवा.

गावात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी गिटार हातात घेतली, ठोकली आणि आधी तारांकडे पाहिलं. तारा गंजलेल्या. मग दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी रोखली. मामाकडे ती दोन उन्हाळे टिनाच्या खोलीत पडून होती. थोडी वाकली होती, त्यामुळे तारा उंच राहत आणि दाबताना तिची बोटं सोलून निघत. काकांनी दांडीतला खिळ दोनदा फिरवून ती सरळ केली, घोडीतली पांढरी पट्टी काढून कानशीवर घासली, नव्या तारा चढवल्या. सगळे मिळून काही शे रुपये झाले. तिने तिथेच स्टुलावर बसून गाण्याची पहिली ओळ वाजवली, थांबली, आणि पुन्हा तीच वाजवली.

गॅदरिंगला वडील मागे, मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. दोन ठिकाणी ती चुकली. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "मॅडम, भोपळ्याची गिटार बनते का?" मिरजेच्या कारागिरांनी मला निघताना भोपळ्याच्या बिया दिल्या होत्या, त्या माझ्या कपाटात कागदाच्या पुडीत पडून होत्या. पहिला पाऊस झाल्यावर आम्ही त्या शाळेच्या कुंपणाशी लावल्या. पाच उगवल्या, दोन बकऱ्यांनी खाल्ल्या. उरलेल्या तिघींपैकी एक वेल नळाच्या पाइपापर्यंत चढली आहे. पांढरी फुलं येताहेत, संध्याकाळी उमलतात. फळ अजून धरलेलं नाही.